पाच घरांत ताणलेलं सूत

ती घटना आठवली की आजही माझा उजवा पाय आपोआप थोडा वर उचलला जातो. घरातले हसतात. निवृत्तीनंतर कोणाला गुडघेदुखी लागते, कोणाला भजन लागतं, मला ही खोड लागली आहे, आणि तिचं मूळ पांढुर्ण्याच्या ठाण्यात आलेल्या एका साध्या तक्रारीत आहे. नावं मी कोणाचीच लिहिणार नाही. बहुतेक मंडळी अजून आहेत, आणि त्यातला मिस्त्री तर नाव छापून आलेलं दिसलं की लगेच आणखी चार घरांचा बयाणा घेऊन बसेल.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा सौंसरकडचा आणि तेव्हा पांढुर्ण्याला ठाणेदार होतो. राज्य हिंदीचं आणि माणसं मराठी, त्यामुळे आमच्याकडे रोजनामचा, म्हणजे ठाण्याची नोंदवही, हिंदीत आणि भांडणं मराठीत चालत. फिर्यादी तावातावाने आपल्या बोलीत सांगायचा, ठाण्याचे लेखनिक मुन्शीजी ते शुद्ध हिंदीत उतरवायचे, आणि वाचून दाखवलं की फिर्यादीला वाटायचं ही दुसऱ्याच कोणाची तरी केस आहे. संत्री विकली गेली आणि लग्नसराई जवळ आली की लोक घराच्या डागडुजीला लागत, आणि त्या दिवसांत ठाण्यात येणाऱ्या तक्रारीही तशाच असत. शेजाऱ्याने भिंत सरकवली, विटांची गाडी आलीच नाही, वगैरे.

एका सकाळी नगरपालिकेतले एक चपराशी मुलीला घेऊन ठाण्यात आले. मुलगी बालवाडीत शिकवायची. वडील हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, मिस्त्री पयाला. बयाणा घेतला, सूत बांधलं अन् पयाला."

सूत बांधणं म्हणजे काय, ते बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. बयाणा, म्हणजे कामाची आगाऊ रक्कम, हातात पडला की मिस्त्री त्याच वेळी घरात, दाराच्या किंचित आत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोन खिळ्यांना दोरी ताणून जायचा. नवी फरशी कुठवर येणार याची ती खूण. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते घर आता त्या मिस्त्रीचं झालं. दुसरा कोणताही मिस्त्री त्या सुताला हात लावत नसे, दुप्पट मजुरी दिली तरी नाही. आणि घरच्यांनीच सूत सोडलं तर सौदा घरच्यांनी मोडला असं धरलं जाई आणि बयाणा गेला. म्हणजे मिस्त्री गायब झाला की पैसे तर अडकतच, घरही अडकून पडे.

"लग्न कधी आहे?" मी विचारलं.

"पुढच्या पौर्णिमेले," मुलगी म्हणाली. "पण साहेब, लगनासाठी फरशी नाई पायजे मले. नवऱ्याकडच्यायनं काईच मांगतलं नाई. माह्या माईचे गुडघे गेले. आठ दिवसाले एकडाव घर सारवा लागते, ते आतापर्यंत मी सारवत होती. मी नागपूरले गेल्यावर कोण सारवन? म्हून माह्या पगारातून जमवून बयाणा देल्ला."

मला ती मुलगी त्याच क्षणी आवडली. वडील मान खाली घालून उभे होते. मी मुन्शीजींना अर्ज नोंदवायला सांगितला आणि घटनास्थळ पाहायला निघालो.

घटनास्थळ मला आधी पायाला समजलं. दारातून आत टाकलेलं पाऊल सुतात अडकलं आणि पांढुर्ण्याचा ठाणेदार चार बायकांच्या देखत उखळावर जाऊन आदळता आदळता वाचला. सूत हळदीत भिजवलेलं, पिवळंजर्द, जमिनीपासून चार बोटं वर. घरातली माणसं मात्र पाय उचलून सराईतपणे इकडून तिकडे जात होती. मुलीची आई दुखरे गुडघे सांभाळत, भिंतीचा आधार घेत तीच कसरत करत होती. मी टोपी सारखी केली आणि विचारलं, "हे सोडून का टाकत नाही? अपशकुन होतो म्हणून?"

"आमी शकुन-अपशकुन मानत नाई साहेब," वडील गंभीरपणे म्हणाले. "पण बयाणा बुडन ना."

संध्याकाळपर्यंत आणखी चार घरांचे लोक ठाण्यात आले. सगळी लग्नघरं, सगळीकडे तेच पिवळं सूत. त्यात एक कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या घरी मी पोचलो तेव्हा ते स्वतः सूत ओलांडून बाहेर आले, मला नमस्कार केला आणि पुन्हा ओलांडून आत गेले. पाच घरांचा बयाणा एका माणसाने घेतला होता. माझ्या मनात चारशेवीसचा गुन्हा जवळजवळ लिहून झाला होता.

पोलिसाच्या कामात मुखबीर, म्हणजे खबऱ्या, नावाचा प्राणी फार महत्त्वाचा. आमचा होता बस स्टँडवरचा पानवाला. त्याच्या दुकानावर चुना लावता लावता अख्ख्या तालुक्याची बातमी मिळे. तो एका दुपारी ठाण्याच्या मागच्या दाराने आला. सरळ पुढच्या दाराने आला असता तरी कोणाला काही वाटलं नसतं, पण त्याला मागचंच दार आवडायचं.

"साहेब, मोहगावात एका घरी ओटा बांधून राहिला कोणीतरी. दिवसभर बाहेर तोंड काढत नाई. पण तिथलं सूत पिवळं हाये."

आमच्या भागात बाकी सगळे मिस्त्री पांढरं सूत वापरत. सारवलेल्या काळपट जमिनीवर उठून दिसावं म्हणून हळद लावणारा हा एकटाच. मोहगाव सौंसर ठाण्याच्या हद्दीत, म्हणून तिथल्या ठाणेदारांना कळवून आमचा हवालदार गेला आणि मिस्त्रीला सोबत घेऊन आला. ते घर त्याच्या बहिणीचं निघालं. फरार माणूस लपायला गेला आणि हात स्वस्थ बसेनात म्हणून बहिणीचा ओटा बांधत बसला.

चौकशीची माझी एक पद्धत होती. माणसाला बाकावर बसवायचं, चहा द्यायचा आणि काही बोलायचं नाही. ज्याला मन खातं तो माणूस त्या शांततेत आपणहून बोलू लागतो. हा मिस्त्री चाळिशीचा, अंगाने किरकोळ, हाताला सिमेंटच्या भेगा. तो खाली मान घालून बसला. मला वाटलं, आता पश्चात्ताप होतोय. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली.

"साहेब, हे फरशी कोणं बसवली? पाणी त्या कोपऱ्यात साचत असन."

हवालदार खोकला. पाणी त्याच कोपऱ्यात साचायचं.

मी आवाज चढवला. "फरशी सोड. पाच घरांचे पैसे कुठे उडवले ते सांग. जुगार? दारू?"

त्याने कमरेचा फडका सोडला आणि टेबलावर ठेवला. आत पाच लहान गाठोडी होती. प्रत्येक गाठोडं त्या त्या घरच्या सुताच्या तुकड्याने बांधलेलं. एकाचीही गाठ सैल झालेली नव्हती.

मुन्शीजींची लेखणी थांबली. पैसे खाल्ले नाहीत, खायचा विचारही नव्हता, म्हणजे बेईमानीचा हेतू नाही, आणि हेतू नाही तर चारशेवीस उभंच राहत नाही. मी खुर्ची पुढे ओढली. "अरे बाबा, मग पळाला कशाला?"

"काय सांगू साहेब. पयलं लगनघर आलं, बयाणा घेतला. दुसरं आलं. त्यायनं बयाणा हातावर ठेवला, आता लगनघरचा बयाणा नाई म्हणाचा कसा? तिसरं आलं. मले वाटलं, होऊन जाईन. मंग चौथं, पाचवं. तारखा पाहाले गेलो त सगळे एकाच पंधरवड्यात. एका घरी काम सुरू करीन त चार घरचे उभे कापतीन. वापस करावं म्हटलं त लगनघरचा बयाणा वापस करणाऱ्या मिस्त्रीले कोण घरात घेईन पुन्हा? करता बी येत नाई, वापस बी देता येत नाई. म्हून निघून गेलो."

मी आयुष्यात खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले, खिसेकापू तर घरच्यासारखे होते. पण नाही म्हणता न आल्यामुळे फरार झालेला आरोपी मी पहिल्यांदा पाहिला. मला हसू आलं आणि ते दाबायला मी चहा मागवला.

मिस्त्री सापडल्याची बातमी फुटली आणि पाचही घरचे लोक ठाण्याच्या आवारात जमा झाले. प्रत्येकाला त्याला आत टाकायचं होतं, पण आधी स्वतःच्या घरची फरशी बसवून घेऊन. कापडवाले म्हणत, आमच्याकडे जावई सरकारी नोकर, आमचं आधी. दुसरे म्हणत, आमचं घर मोठं, आमचं आधी. एक आजोबा तर मिस्त्रीच्या दंडाला धरूनच बसले होते. त्या गलक्यात बालवाडीतली मुलगी माझ्या टेबलाशी आली.

"साहेब, त्याले आत टाकान त फरशी कोण बसवन? अन् बाहेर ठेवान त एकटा पाच घरं कसा करन? सूत त त्याचंच हाये. त्यानंच कोणाच्या हाती देल्लं तर?"

मी तिच्याकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे. "दुसरा मिस्त्री तुझ्या सुताला हात लावत नाही. पण तू स्वतः त्याच्या हातात दिलं तर?"

मिस्त्री विचारात पडला. असं कोणी कधी केलं नव्हतं, कारण बयाण्यासकट काम दुसऱ्याला देणारा मिस्त्री कोणी पाहिलाच नव्हता. शेवटी तो म्हणाला, "मी देल्लं त घेईन तो. काहून नाई घेणार?"

मी हवालदाराला गावातले, लोधीखेड्याचे, बोरगावचे असे चार मिस्त्री आणायला धाडलं. पोलिसाची सायकल दारात पाहून त्यांच्या घरी रडारड झाली म्हणे. चौघे थरथरत ठाण्यात आले. तिथून मी त्यांना आणि सगळ्या तक्रारदारांना घेऊन घरोघर गेलो. प्रत्येक घरी आमच्या मिस्त्रीने खिळ्यावरून पिवळ्या सुताचं एक टोक सोडलं, दुसऱ्या मिस्त्रीच्या हातात दिलं आणि वर गाठोडं ठेवलं. देताना त्याचा चेहरा पडत होता, कारण त्याच्या तोंडचा घास जात होता. पण दुसऱ्या घरानंतर तो हलका झाल्यासारखा चालू लागला, आणि चौथ्या घरी तर त्याने नव्या मिस्त्रीला उतार कसा धरायचा यावर भाषण दिलं. पाचवं गाठोडं त्याने स्वतःकडे ठेवलं. ते मुलीच्या घरचं होतं.

अर्ज आपसी समझोत्याने निकाली निघाला. मुन्शीजींनी हिंदीत काय लिहिलं ते मी नीट वाचलंच नाही.

मिस्त्री त्या घरी असा राबला की जेवायलाही उठत नसे. मी गस्तीवर जाता येता डोकावायचो. आधी मुरूम भरला, मग फरशी बसली, मग तिच्यावर पाणी मारणं सुरू झालं. लग्न तोंडावर आलं तरी तो कोणाला आत पाऊल टाकू देईना, खुद्द नवरीलाही नाही. लग्नाच्या सकाळी त्याने दारातलं सूत सोडलं, गुंडाळून खिशात घातलं आणि मुलीच्या आईला म्हणाला, "या माय, आता."

आई आत आली, सावकाश खाली बसली आणि तिने दोन्ही तळहात त्या गार फरशीवर टेकवले. मुलगी दारात उभी राहून रडत होती आणि हसतही होती. माझेही डोळे भरून आले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

थोड्या वेळाने नागपूरचं वऱ्हाड आलं. मी बूट काढून पुढे झालो, आणि दारातून आत जाताना माझा उजवा पाय चांगला हातभर वर उचलला गेला. सूत तर कधीच निघालं होतं. माझ्यामागे मुलीचे वडील आले, त्यांनीही पाय उचलला. काका आला, मामी आली, शेजारीण आली, सगळ्यांनी तेच केलं. नवरीने तर शालू सावरून असा डौलात पाय उचलला की नवऱ्याची आई बघतच राहिली. तिने नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि मग नवऱ्याने पाय उचलला, त्याच्या भावांनी उचलला, अख्खं वऱ्हाड मोकळ्या फरशीवर काहीतरी ओलांडत आत आलं. शेवटी आला मिस्त्री, आणि तो एकटाच सरळ चालत आला. नंतर बुद्धवंदना होईपर्यंत मी आणि हवालदार एकमेकांकडे पाहायचं टाळत होतो.

या केसने मला शिकवलं ते असं. बयाणा देताना काम कधी होईल हे विचारू नका, तुमच्या आधी किती घरांत सूत बांधलं आहे ते विचारा. आणि पळालेला प्रत्येक माणूस चोर नसतो, काही नुसते भिडस्त असतात. त्यांना कोठडीपेक्षा मदतीचा हात लवकर वळणावर आणतो. नोकरीत पुढे अनेकदा गुन्हा लिहिण्याआधी मी कमरेचा फडका सोडायला सांगितला, तो यामुळेच.

निवृत्तीनंतर एकदा पांढुर्ण्याच्या बाजारात ती मुलगी भेटली. मुलगी कसली, आता तिचे केस पिकले होते. माहेरी आली होती. आईची चौकशी केली तर म्हणाली, माय शेवटपर्यंत त्याच फरशीवर बसायची, खुर्ची देल्ली तरी नाई. मग ती हसू लागली.

"साहेब, आमच्या सासरी अजून प्रत्येक नव्या सुनेले दारात पाय उचला लावतेत. पांढुर्ण्याकडची रीत हाये म्हणतेत."

"तू खरं सांगितलं नाहीस?"

"इतक्या वर्षानं कोण सांगन जी? मागच्या मईन्यात माह्या पोराची नवरी घरात आली. पाय उचलला अन् मले हळूच इचारलं, आई, इथी काय हाये? मी म्हटलं, बयाणा हाये माय, वलांडून ये."