उंबऱ्याबाहेरची शेगडी

…तर वीट. काल विटेपाशीच थांबलो होतो आपण. सुभद्रानं शेगडीवर वीट तापवली, गोणपाटात गुंडाळली, वरून फडकं बांधलं आणि शेजारच्या मिश्राइनच्या सासूच्या पायाशी रजईत सरकवली. म्हातारी खूश. म्हणाली, "अरे बिटिया, यह तो जिंदा चूल्हा है!" मिश्राइन कसली गप्प बसते! दारातूनच म्हणाली, "चूल्हा नहीं अम्मा, कंजूसी है. मराठिन भाभी की अँगीठी चौखट के अंदर नहीं आती. कोयला घिस जाता है न!"

सगळ्या बायका हसल्या. सुभद्राही हसली. कंजूस म्हणवून घेणं तिला परवडत होतं.

आता पुलगावकडच्या माणसाला थंडी म्हणजे काय, तर पहाटेची दुलई आणि सकाळचं कोवळं ऊन. लखनौची थंडी तशी नव्हे. कोहरा, म्हणजे दाट धुकं, उतरला की चार-चार दिवस सूर्य तोंड दाखवत नाही. वाळत घातलेलं लुगडं तिसऱ्या दिवशीही ओलं, आणि भिंतीला हात लावावा तर भिंत चावते. सुभद्राचा नवरा ईश्वर चारबागच्या लोको शेडमध्ये फिटर म्हणून लागला आणि एकाहत्तर साली सुभद्रा पाच वर्षांच्या बेबीचा हात धरून रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आली, तेव्हा घरात स्वेटर एकच, तोही ईश्वरचा. तो ड्यूटीवरून आला की बेबीला त्यात गुंडाळून ठेवायचे.

पण बाई चिवट. पुढं पुढं तर अशी तयार झाली की कॉलनीचा हिवाळा तिच्या अंगणातून सुरू व्हायचा. दिवाळी सरली की रजया उसवून पिंजाऱ्याकडून कापूस नव्यानं पिंजून घ्यायची. गोळा झालेला कापूस ऊब धरत नाही, म्हणायची. चिनहटकडून येणाऱ्या गाडीवानाकडून भाताचा पेंढा घेऊन गादीखाली अंथरायची. दाराला आतून गोणपाट, पण वरची खिडकी मात्र बोटभर उघडी. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ बरे, आणि अंगालगत सुती. मोजे ओले झाले की लगेच काढायचे.

सहा डिसेंबरला तेलीबागेत आपली मंडळी अभिवादनाला जमली, की नव्यानं बदली होऊन आलेल्या बायकांना ती कोपऱ्यात घेऊन बसायची. एकदा कांता म्हणून एक पोरसवदा बाई, ताजी नागपूरहून आलेली, कंटाळून म्हणाली, "ताई, एवढा कुटाणा कशाला? खोलीत शेगडी ठेवली की झालं!"

"शेगडी उंबऱ्याबाहेर," सुभद्रा म्हणाली.

"अन् आत आणली तर?"

"तर दार सताड उघडं."

"मग तिचा उपयोग काय?"

"काहीच नाही. म्हणून तर वीट."

बायका हसल्या, पण कांताचं मनगट सुभद्रानं इतकं घट्ट धरलं होतं की ती पोर बिचारी हसायचं विसरली. "निखारे लाल झाले, धूर गेला, की आपल्याला वाटतं आता भ्या नाही," सुभद्रा तिला सांगत होती. "भ्या तिथूनच सुरू होतं बाई."

असं का, हे दोनच माणसांना ठाऊक होतं. तिला आणि ईश्वरला.

बहात्तरच्या हिवाळ्यात त्यांना मुलगा झाला. बाळंतपण करायला सुभद्राची माय, भागरथाबाई, पुलगावहून आली. येताना ओवा, बाळंतशेपा, डिंक, सगळं गाठोड्यात. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे: बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि त्यावर ओव्याशेपाची धुरी. बेबीच्या वेळी मायनं हेच केलं होतं आणि मायलेकी टवटवीत उठल्या होत्या. पण पुलगावच्या घराला कौलं होती. आतलं वाईटसाईट कौलांच्या फटींतून निघून जायचं. क्वार्टरला वर स्लॅब. बाहेर शीतलहर सुटलेली, म्हणून मायनं दार ओढून घेतलं, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या आणि ती मागं भाकरी टाकायला गेली.

सुभद्राला शुद्ध आली ती दवाखान्यात. लेकराला आली नाही.

डॉक्टर ईश्वरला म्हणाले, "कोयले की गैस थी. दिखती नहीं है यह." भागरथाबाई तिथंच सुभद्राच्या खाटेजवळ भिंतीला टेकून बसली होती. तिला हिंदीचं अक्षर कळत नव्हतं. डॉक्टर गेल्यावर तिनं विचारलं, "काहून गेलं वं लेकरू?"

ईश्वरनं बायकोकडं पाहिलं. सुभद्रानं मायकडं पाहिलं. मायच्या हाताला भाकरीचं पीठ अजून वाळून चिकटलेलं होतं.

"थंडीनं, माय," सुभद्रा म्हणाली.

झालं. कुणाचं बरं करायला म्हणून खोटं बोललं ना, की ते त्या माणसाच्या घरात पोसलं जातं, त्याच्यासारखंच म्हातारं होतं. भागरथाबाईनं थंडीला वैरीण मानलं. पुढं बाप वारल्यावर सुभद्रानं मायला कायमची लखनौला आणली, आणि मग मायलेकींचा रोजचा खेळ सुरू झाला. सुभद्रानं वरची खिडकी उघडायची, मायनं स्टुलावर चढून चिंधी कोंबायची. "एक घेतलं ना तिनं, आता काय सगळ्यायले नेते?" असं म्हातारी पुटपुटायची. ईश्वर बायकोला हळूच म्हणायचा, "सांगून टाक गं." सुभद्रा म्हणायची, "तुमची माय असती तर तुम्ही सांगितलं असतं?" आणि विषय तिथंच मिटायचा. खिडकीचं निमित्त ती काहीबाही सांगायची. घरात ओल येते, मिश्राइनच्या फोडणीचा वास कोंडतो, एक ना दोन.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत बेबी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. तिला मुलगा झाला. लहानखुरं पोर, मुठीत मावेल असं. दवाखान्यातून घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी शीतलहर पडली. वीज निम्मा दिवस गायब, कोहऱ्यात समोरचं क्वार्टर दिसेना. सुभद्रानं तिची सगळी विद्या पणाला लावली. पोराला टोपडं घालून, उघडंच बेबीच्या छातीशी लावलं आणि दोघांवरून एक रजई घातली. "आईच्या अंगासारखी शेगडी नाही," म्हणाली. पायाकडं वीट, ती बेबीच्या पायांशी, पोरापासून लांब. बेबी कुरकुरायची, "मम्मी, अब तो बस करो, मैं पूरी रजाई बन गई हूँ."

ईश्वर कोहऱ्यामुळं दुहेरी ड्यूटीवर अडकला होता. दुपारी सुभद्रा दूध आणायला गेली. दूधवाल्याची सायकल कोहऱ्यात कुठंतरी अडलेली, तिला डेअरीपर्यंत जावं लागलं. परत आली तर व्हरांड्यात शेगडी नव्हती. शेगडीच्या जागी राखेचं गोल कडं तेवढं.

दार आतून लावलेलं. वरच्या खिडकीत चिंधी. आणि ओव्याचा वास.

तिनं दार खांद्यानं ढकललं. कडी जुनी होती, निसटली. म्हातारी बाजेच्या पायथ्याशी डोकं धरून बसली होती. शेगडी बाजेखाली, लालबुंद, धुराचा मागमूस नाही. बेबी डोळे मिटून पडलेली. सुभद्रानं दुधाचं भांडं कुठं टाकलं कुणास ठाऊक. शेगडी तिनं पदरानं धरून फरफटत बाहेर नेली, पदर जळाला, तळवे भाजले, तिला कळलंसुद्धा नाही. आत येऊन पोर उचललं आणि थेट उघड्यावर, त्या दात वाजवणाऱ्या कोहऱ्यात, घेऊन गेली. मिश्राइन धावली, तिनं बेबीला काखेत धरून बाहेर ओढलं. बेबी ओकली आणि म्हणाली, "मम्मी, सिर फट रहा है."

पोर मात्र गप्प.

सुभद्रानं त्याच्या तळपायावर टिचकी मारली. मग दुसरी. आणि मग ते पोर, बारीक, चिडक्या आवाजात, रडलं. मिश्राइन "हे राम, हे राम" करत मटकन खाली बसली आणि मग उठून स्वतःच्या घरून रजई आणायला पळाली.

भागरथाबाई भिंत धरून दारापर्यंत आली होती. ओरडली, "लेकराले थंडीत काहून आणलं वं? मारतं का त्याले? पहिलं थंडीनंच गेलं न तुह्यं!"

"थंडीनं नाही गेलं, माय."

"मंग?"

सुभद्रानं अंगणातल्या शेगडीकडं नुसतं पाहिलं. म्हातारीनंही पाहिलं. निखारे ओल्या जमिनीवर सांडून सूं सूं करत विझत होते. म्हातारीची मान हलायला लागली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाच ठाऊक. मग तिनं पदर तोंडाशी धरला आणि अगदी हळू विचारलं, "तवा काहून नाही सांगतलं, पोरी?"

सुभद्रा म्हणाली, "सांगून तो परत येणार होता का, माय? हा आहे अजून. चल, माझा खांदा धर, अन् याला तूच तुझ्या छातीशी घेऊन बस. माझे हात भाजलेत."