विधुर कोणत्या बाजूनं खेळतो

स्पेनमधल्या वाल्देकुएर्वास गावच्या जत्रेत दर ऑगस्टात लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे असा फुटबॉलचा सामना होतो. लग्न झालेल्यांच्या गोलासमोर एलादिओ सेनिसो पाय रोवून उभा असणार, हे गावानं वर्षानुवर्षं गृहीत धरलेलं. पण यंदा हिवाळ्यात त्याची बायको बिसी गेली, आणि विधुर कोणत्या बाजूनं खेळतो यावर ओनोरिओच्या बारमध्ये वाद पेटला.

"बायको नाही, म्हणजे आमच्यातला," पोस्टमन सातुरिओ म्हणाला. पन्नाशी उलटलेला हा गडी बिनलग्नाच्यांचा कप्तान. "नियम म्हणजे नियम, मिस्टर."

प्रशिक्षक झाल्यापासून एलादिओला सगळं गाव मिस्टरच म्हणे.

"त्यापेक्षा पंच व्हा की," ओनोरिओनं तोडगा काढला. "ना इकडचे, ना तिकडचे."

हे एलादिओला जास्त झोंबलं. कॉफी अर्धी टाकून तो घरी गेला.

तरुणपणी तो सामोराकडच्या लहानसहान क्लबांतून खेळला. पायानं जड, पण अंगावर आलेल्याला सुखासुखी पुढं जाऊ देईल तर शपथ. मैदानाची मधली रेघ त्यानं क्वचितच ओलांडली. रविवारी संघाच्या बसमध्ये मागच्या सीटवर बिसी असायची, मांडीवर बटाट्याच्या ऑम्लेटचा डबा घेऊन. सामना रंगात आला की तिचा आवाज सगळ्या मैदानावर: "अरे, जरा पुढं जा! तिथं काय मूळ धरलंस?" पुढं गुडघ्यानं दगा दिला, तेव्हा तो गावच्या संघाचा प्रशिक्षक झाला आणि सगळ्या पोरांना त्यानं बचावच शिकवला. बरोबरीचे सामने बघून गाव जांभया द्यायचं, बिसी त्याला घरी फैलावर घ्यायची. सोन्यासारखे दिवस होते ते.

सामन्याच्या सकाळी सातुरिओनं बिनलग्नाच्यांचा हिरवा शर्ट पुढं केला. एलादिओनं तो घडी घालून परत दिला.

"माझं लग्न झालंय," तो म्हणाला. "मोडलं कुणी?"

आणि आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला. सामना सुरू झाला.

मध्यंतर झालं तशा बायका रिवाजाप्रमाणे लिंबू घातलेली थंड वाइन घेऊन मैदानात शिरल्या, जी ती आपल्या नवऱ्याकडं. कुणी घाम पुसत होती, कुणी झापत होती. नवऱ्यांच्या घोळक्यात एलादिओ एकटा रिकाम्या हातांनी उभा. ही वेळ येणार हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. पंच झालो असतो तर बरं, असं त्याला वाटून गेलं. कुणी त्याच्याकडं बघेना.

तेवढ्यात सातुरिओ पलीकडून पेला घेऊन आला.

"घ्या, मिस्टर. आमच्यात ज्याचं त्यानं आणायचं असतं. तुम्हाला ती सवय नाही."

"नाही," एलादिओ कसाबसा म्हणाला.

बायकोला मूठमाती देतानाही न रडलेला तो माणूस भर मैदानात ढसाढसा रडू लागला. सातुरिओ जागचा हलला नाही. गावाकडं पाठ करून, हात कमरेवर ठेवून, एलादिओचं रडणं थांबेपर्यंत तो त्याच्यासमोर आडवा उभा राहिला.