हरणांसाठी पेरलेली अकरा एकर

पेनसिल्व्हेनियात आमची अकरा एकर जमीन आहे. निवृत्तीनंतर तिथे लाकडी घर बांधायचं, या हौसेने नवऱ्याने ती वीसेक वर्षांपूर्वी घेतली. पुढे कळलं की सेप्टिक टाकीची परवानगी मिळणार नाही, आणि टाकी नाही तर घरही नाही. जमीन तशीच पडून राहिली. आमच्या पिस्कॅटवेच्या घरापासून दोन तासांचा रस्ता. वर्षातून एकदा आम्ही डबा घेऊन जायचो, झाडाखाली सतरंजी टाकून पोळीभाजी खायचो आणि परत यायचो.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मुलगी घरी आली होती. ती चौतीस वर्षांची, त्या जमिनीपासून तासाभरावरच्या गावात शाळेत सायन्स शिकवते. जेवताना ती म्हणाली, "आई, ती जमीन मी वापरली तर चालेल? हंटिंगसाठी."

मला वाटलं हाउस-हंटिंग, म्हणजे ती घर शोधतेय. मी म्हटलं, तिथे तर घर बांधता येत नाही. ती हसली, आणि मग एकदम गंभीर झाली. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी तिला शिकार करायला शिकवलं होतं. कोर्स झाला होता, लायसन्स होतं, बंदूक कुलपात होती, आणि हे सगळं तीन वर्षं चाललं होतं. आम्हाला ती आत्ता सांगत होती.

नवऱ्याने चमचा खाली ठेवला. बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठे असते, एवढंच विचारलं आणि तो वर गेला. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "आपण तिला काय कमी केलं होतं?" या प्रश्नाचा हंटिंगशी काय संबंध, हे मला उमगलं नाही. तो स्वतः बाहेर गेल्यावर चिकन खातो. मी जन्मापासून शाकाहारी. त्यामुळे खरं तर मी चिडायला हवं होतं. पण मला राग येतच नव्हता. काहीतरी यायला हवं होतं आणि ते येत नव्हतं.

दोन आठवड्यांनी तिचा फोन आला, शनिवारी जमिनीवर येशील का, टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवंय. गेल्या कित्येक वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी गेले.

तिथे शेजारचे आजोबा आले होते. वय अठ्ठ्याहत्तर, पूर्वी त्यांच्या गाई होत्या, आता फक्त मका लावतात. त्यांनी आमच्याबरोबर सगळी जमीन पायी पालथी घातली आणि शेवटी सांगितलं, की इथे हरणांसाठी काहीच नाही. झाडं उंच वाढलीत, खाली नुसती सावली, तोंडाच्या उंचीवर एक पान नाही. हरणं माझ्याकडे झोपतात, माझाच मका खातात, तुमच्याकडून नुसती ये-जा करतात. हे ऐकून मला चक्क अपमान झाल्यासारखं वाटलं. दारावरून रोज पाहुणे जावेत आणि आत कुणीच येऊ नये, तसं. त्या पाहुण्यांना कशासाठी बोलवायचं होतं, ते त्या क्षणी माझ्या मनातही नव्हतं.

मग कामं सुरू झाली. काही झाडं मुलीने करवतीने अर्धीच कापली, म्हणजे ती आडवी झुकतात पण मरत नाहीत, त्यांचा पाला हरणांच्या तोंडाशी येतो आणि खाली लपायला दाट जागा होते. मी मातीचे नमुने पिशव्यांत भरले. माती आम्लधर्मी निघाली, तिला चुना हवा होता. अर्ध्या एकरावर चुना पसरून आम्ही क्लोव्हर पेरलं. आपल्याकडच्या लसूणघासासारखं ते एक तीन पानांचं, बुटकं गवत. सफरचंदाची चार रोपं लावली आणि प्रत्येकाभोवती तारेची जाळी बसवली. जाळी कशाला, असं मी विचारलं. "हरणं खातात म्हणून," मुलगी म्हणाली. मग लावतोय कुणासाठी? त्यावर आजोबा म्हणाले, आधी झाड मोठं होऊ दे, मग खाऊ दे.

माझा सगळ्यात जास्त गोंधळ झाला तो मागच्या दोन एकरांवरून. तिथे मुलीने दोरी बांधली. त्या पलीकडे माणसाने वर्षभर पाऊल टाकायचं नाही, शिकार तर नाहीच नाही. मी म्हटलं, म्हणजे अभयारण्य. ती म्हणाली, "हो, तसंच. सेफ वाटलं तरच ती राहतात ना, आई." मी परतीच्या वाटेवर दोन तास गाडी चालवत याचा विचार केला. ही दया की कावा, हे माझं ठरेना.

त्याच आठवड्यात घरी मी मेथीच्या वाफ्यावर नवी जाळी घालत होते. आमच्या मागच्या अंगणात हरणं येतात, टोमॅटोचे शेंडे खाऊन जातात. गेली पंधरा वर्षं मी त्यांना हाकलतेय. कुंपणाला उग्र वासाच्या साबणाच्या वड्या टांगून झाल्या, भांडी वाजवून झाली. जाळीची शेवटची गाठ मारून मी हात झटकले. शनिवारी याच हातांनी मी त्यांच्यासाठी पेरलं होतं.

उन्हाळ्यात मुलीने क्लोव्हरच्या कडेला कॅमेरा लावला. त्याच्यासमोर काही हललं की फोटो फोनवर येतो. सकाळचा चहा आणि ते फोटो, अशी मला सवयच लागली. एक मादी रोज यायची, डाव्या कानाला खाच असलेली. तिच्यामागे दोन पाडसं, पाठीवर पांढरे ठिपके. ऑगस्टमध्ये ठिपके जायला लागले, तेही मी पाहिलं. नवरा पेपर वाचता वाचता विचारायचा, "आली का?" मी आली म्हणायचे. याहून जास्त तो कधी काही विचारत नसे, पण एखाद दिवशी मी सांगायला विसरले तर फोन स्वतःच उचलून बघायचा.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी तिथे बंदुकीने शिकार करायचा सीझन सुरू होतो. मी येते, असं मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "तुला बघवणार नाही."

"बघवेल की नाही, मला माहीत नाही. म्हणूनच येते."

आम्ही दोघी शिकाऱ्यांच्या, दुरून दिसणाऱ्या भगव्या जाकिटांत, क्लोव्हरच्या टोकाशी एका छोट्या तंबूत बसलो. पायांची बोटं बधिर झाली होती. साडेआठच्या सुमाराला तीन हरणं आली, तिन्ही मोठ्या माद्या दिसत होत्या. मी खाच शोधत होते, पण डोळ्यांत थंडीने पाणी येत होतं आणि त्यांच्या माना खाली होत्या. मुलीने बंदूक उचलली. मग ती थांबली, माझ्याकडे वळली आणि अगदी हळू म्हणाली, "आई, करू?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली, की तू म्हणालीस ते ऐकू आलं म्हणून हलवली, हे मला आजही सांगता येत नाही. तिने तो होकार समजला आणि गोळी झाडली.

हरीण तीस-चाळीस पावलं धावलं आणि दोरीच्या अलीकडेच पडलं. जखमी जनावर उठून पळू नये म्हणून मुलीने वीस मिनिटं थांबायला लावलं. मग आम्ही गेलो. मी एकतीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलंय, त्यामुळे माझी नजर आधी छातीकडे गेली. श्वास नव्हता. मग मी गुडघ्यांवर बसून डोकं उचललं आणि डावा कान पाहिला. कानाला चीर होती. पण फोटोतल्याहून ती लहान वाटली. जुनी होती, की आत्ता काट्यात फाटली होती? इतके महिने मी हिला ओळखते असं समजत होते, आणि समोर आल्यावर ओळखता येईना.

"तीच का गं?" मी विचारलं.

"नाही, वेगळी आहे," मुलगी म्हणाली. ती जरा जास्तच लवकर म्हणाली.

पोट साफ करायचं काम तिथेच करावं लागतं. तिने सुरी काढली. मी मागचे पाय धरले. ऊन वाफ आली, ऑपरेशन थिएटरमध्ये यायचा तसाच वास. यकृत, जठर, पडदा, सगळं जिथल्या तिथे. मी तिला सांगत गेले, इथून काप, तिथे जपून. मध्येच ती रडायला लागली.

"दर वेळी होतं असं," ती म्हणाली.

"मग करतेस कशाला?"

तिने बाहीने नाक पुसलं. "मी मांस खाते ना. मग दुकानातून आणून खायचं आणि हे कधी बघायचंच नाही, ते मला नाही जमत."

मी तर मांस खातही नाही, मग मी तिथे कुणाच्या वाट्याचं बघत होते?

आजोबा ट्रॅक्टर घेऊन आले. क्लोव्हर छान धरलंय, असं त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. मला आनंद झाला. खरंच झाला, हे मी लपवत नाही. तो आनंद ओसरायच्या आतच लाज वाटली.

डिसेंबरमध्ये मुलीने आमच्याकडे येऊन त्या मांसाचा खिमा केला. कांदा-लसूण मसाला मीच कुटून दिला होता. मी वरणभात खाल्ला. नवऱ्याने आधी नुसतीच चव बघतो म्हटलं, मग दोनदा वाढून घेतलं. ताटही स्वतः विसळून ठेवलं, जे तो कधी करत नाही.

त्यानंतर बरेच दिवस खाचवाली मादी कॅमेऱ्यात आली नाही. मी आजोबांना फोन केला. सीझनमध्ये हरणं जागा बदलतात, त्यावरून काही ठरवू नका, असं ते म्हणाले. मी काहीच ठरवलेलं नाही. मराठी मंडळातली एक मैत्रीण परवा विचारत होती, की हल्ली शनिवारी तू असतेस कुठे. मी सांगायला सुरुवात केली, आणि दुसऱ्याच वाक्याला अडकले.

आता बर्फ वितळतंय. गोठलेल्या मातीला भेगा असतानाच क्लोव्हरचं बी फेकलं तर ते आपोआप आत जातं, असं मुलगी सांगते. शनिवारी जायचंय. बियांची पिशवी मी आणलेली आहे.