आईची चौकशीची खिडकी

माझी आई नाशिकच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायची. कॉलेजात असताना मी घरी जाण्याआधी तासभर तिच्यामागच्या बाकावर अभ्यासाला बसत असे. अभ्यास थोडा व्हायचा, कान सगळे खिडकीकडे. आईची उत्तरं मोजकी असत. पण उत्तर दिल्यावर ती लगेच पुढच्या माणसाकडे वळत नसे. विचारणाऱ्याच्या तोंडाकडे आणखी क्षणभर बघत राही. रांगेतले लोक कुरकुरायचे. खरं सांगायचं तर मलाही अवघडल्यासारखं व्हायचं.

एका दुपारी एक म्हातारे बाबा आले. हातात कापडी पिशवी होती.

"हरसूलची गाडी कवा हाय, बाई?"

"पावणेतीनला."

ते हलले नाहीत. आईही बघत राहिली.

"आन् माघारी?"

"ती तिकडंच मुक्कामी असते, बाबा. सकाळी परत येते."

"मग नाय जमायचं."

मागून कुणीतरी म्हणालं, "चला ना आजोबा!" आईनं त्याला हातानंच थांबवलं आणि बाबांना विचारलं, "तिकडं कोण असतं तुमचं?"

"लेक दिलीय." मग बराच वेळ पिशवीचे बंद चाचपत राहिले. "लय वर्सं गेलोच नाय मी. आता ऱ्हा म्हनंल का नाय, काय ठावं."

मला वाटलं, आई आता म्हणणार, लेकच ती, म्हणेलच की! ती तसलं काही बोलली नाही. वेळापत्रक बघून म्हणाली, "उद्या सकाळी सातच्या गाडीनं जा. दुपारी माघारी एक गाडी असते. संध्याकाळी इथं पोचाल. राहा म्हणाली, तर राहा."

बाबांनी "सात, सात" असं स्वतःशीच घोकलं आणि गेले.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मी त्यावर गोष्ट लिहिली. तीत बाप पानभर बोलत होता आणि मुलगी उंबऱ्यातच त्याच्या गळ्यात पडून रडत होती. मी आईला ती वाचून दाखवली. ती वाटाणे सोलत होती. मी सुरुवात करताच तिनं ताट बाजूला सारलं आणि शेवटपर्यंत हात मांडीवर ठेवून ऐकलं.

"चांगली आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण तो इतकं बोलला नव्हता गं."

"गोष्ट आहे ती, आई!"

"असू दे. पण तू त्याला बोलूच दिलं नाहीस. सगळं तूच बोललीस."

मला इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र गोष्ट पुन्हा लिहायला घेतली. ती दीड पानावर आली. तीत बाबा फक्त गाडीची चौकशी करत होते. पुढचं मला माहीत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. छापून आली ती हीच.

महिन्या-दीड महिन्यानंतर आई जेवताना म्हणाली, "ते बाबा आले होते आज. हरसूलची गाडी विचारत होते."

"सकाळची?"

"नाही. पावणेतीनची."

मी आनंदानं ओरडलेच. आई हसली आणि माझ्या पानात भात वाढू लागली.

आई निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात मी एका लेखासाठी येवल्याला पैठणी विणणाऱ्या एका कारागिरांकडे गेले होते. एका पैठणीला किती दिवस लागतात, एवढंच विचारलं. त्यांनी सांगितलं. पुढचे चार प्रश्न माझ्या जिभेवर होते, ते मी गिळले. थोडा वेळ नुसता मागाचा आवाज येत राहिला. मग ते आपणहून म्हणाले, "काठाचा रंग आमची मंडळी ठरवायची. ती गेल्यापास्नं मला रंगाचं लवकर सुधरत नाय." हातमाग थांबवून मग ते तासभर तिच्याविषयी बोलले.

घरी येऊन मी हे आईला सांगायला लागले, तेव्हा तिनं टीव्ही बंद केला. माझं सांगून झाल्यावरही ती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिथून निघताना मला रडू आलं होतं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. मग तेही सांगितलं.