मार्लिसची खिडकी

मार्लिस हॉगेन दुपारी गाडीत बसून पिते, अशी बातमी रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला फिरत होती. ऑफिसच्या पार्किंगमध्ये सीट मागे टाकून, डोळे मिटून, आकाशाकडे तोंड करून पडलेली तिला दोघींनी पाहिलं होतं. मी तिची शेजारीण, मला कसलं राहवतंय? गेले आणि काच ठोठावली. थर्मासात काळी कॉफी. बाई ऊन खात होती.

आमच्या डुलूथला, अमेरिकेच्या पार उत्तरेला, हिवाळ्यात अंधारात घर सोडायचं आणि अंधारातच परतायचं. मधला सगळा दिवस तिचा विमा कंपनीच्या हॉलमध्ये, पांढऱ्या ट्यूबलाइटखाली जायचा. डोळे ठणठणीत; डॉक्टरनं तपासून तसं सांगितलं. पण रात्री झोप येईना, दुपारी मान टाकावीशी वाटे, आणि रविवारी जेवणाच्या हॉटडिशचं भांडं ओव्हनमध्ये सरकवताना उगाच रडू फुटे. "मी बाई नाहीच गं, कुंडीतलं झाड आहे," म्हणायची.

खिडकीजवळची टेबलं जुन्या माणसांची. यंदा म्हातारा ड्वेन निवृत्त झाला आणि त्याची खिडकी मार्लिसला मिळाली. बाई रात्री घोरायला लागली. एकदा तर माझ्या दारातला बर्फही न सांगता फावड्यानं ओढून गेली.

मग नवा साहेब आला. क्रेग, ॲरिझोनाच्या वाळवंटातला, जन्मभर उन्हाला वैतागलेला.

"मार्लिस, उजेडानं बाकीच्यांचे स्क्रीन चकाकतात. पडदे पाडले तर चालेल ना तुम्हाला?"

"चालेल की," मार्लिस म्हणाली.

आता आमच्याकडे पहिल्या 'चालेल'ला कोणी धरून बसत नाही. केकचा तुकडासुद्धा आम्ही तिसऱ्यांदा विचारल्यावर उचलतो. क्रेगनं दुसऱ्यांदा विचारलं असतं तर ती "बघा, तुम्हाला वाटेल तसं" म्हणाली असती, आणि तिसऱ्यांदा खरं बोलली असती. त्यानं आभार मानले आणि संध्याकाळच्या आत पडदे पाडून पक्के करून टाकले.

मार्लिस पुन्हा गाडीत जाऊन बसू लागली. पण गावाशेजारच्या मोठ्या तळ्यावरून ढग असे येऊन बसलेत की तिथंही काही मिळत नाही. परवा गाडीच्या काचेतून तिचा उतरलेला चेहरा पाहिला आणि थट्टा सोडून मी म्हटलं,

"अगं, जाऊन सांग ना त्याला. तोंड दिलंय ना देवानं?"

मार्लिसनं थर्मासाचं झाकण लावलं.

"त्यानं परत विचारलं तर सांगेन. तोवर बाहेर काय चाललंय ते तू येऊन सांगत जा. नाहीतरी तुला दुसरं काम काय असतं?"