पांढरा दोरा

आज मुलाने ओट्यावर वार्निशची डबी उघडली. तो उग्र वास नाकात शिरला आणि मी तीस वर्षं मागे, भुईगावच्या याच ओट्यावर जाऊन बसले.

लग्नाला जेमतेम महिना झाला होता. मी नाशिकची, समुद्राला बिचकणारी. या घरात मात्र प्रत्येकाची मासे गरवायची काठी होती. रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपल्यावर सासरे माझी काठी बांधायला बसले. बांबूवर गळाची दोरी ओवायच्या कड्या ठेवून त्या पक्क्या बसाव्यात म्हणून त्यांवर दोरा गुंडाळायचा होता.

"रंग तू निवड," ते म्हणाले.

लाल, हिरव्या रिळांमधून मी पांढरं उचललं. नवरा हसला. "अगं, वार्निश लागलं की पांढरा गायब होतो!"

मी ओशाळून रीळ परत ठेवू लागले.

"राहू दे. तिला आवडलाय ना?" म्हणत सासऱ्यांनी बांबूवर पेन्सिलीने काहीतरी खूण केली आणि तिच्यावर दोऱ्याचा फेऱ्याला फेरा लावला. वार्निशचा ब्रश फिरताच दोरा खरंच काचेसारखा झाला आणि खालून अक्षरं दिसू लागली: शैला.

तेव्हा वाटलं, त्यांनी माझी चूक सांभाळून घेतली. सगळे मला 'सूनबाई' म्हणत होते त्या दिवसांत माझं नाव त्यांनी लिहिलं, याचं मोल खूप उशिरा कळलं.

आज नव्या सुनेच्या हातात पांढरं रीळ आहे. "हा नको, गायब होतो," मुलगा तिला सांगतोय.

"होऊ दे," मी म्हटलं. काठ्या आता काळ्या असतात, त्यांवर पेन्सिल दिसत नाही, म्हणून मी चंदेरी पेन शोधायला उठले.