बाजारच्या दिवशीचं पाणी

डॉक्टरांनी प्रश्न बायकोला विचारला होता, उत्तर मी दिलं.

"पाणी का पीत नाही तुम्ही?"

"आळस, दुसरं काय," मी म्हणालो.

लघवीची जळजळ आणि तापानं ती स्टुलावर वाकून बसली होती. असंच चाललं तर किडनीवर येईल, असं डॉक्टरांनी बजावलं.

आखाडा बाळापूरच्या आठवडी बाजारात आम्ही दोघं मिरची-मसाल्याचं दुकान लावतो. पुढच्या बाजारी मी भरलेली बाटली मुद्दाम तिच्यापुढं ठेवली. उन्हं कलली तरी बाटली तशीच. मी मात्र तांब्याभर पाणी पिऊन गोदामाच्या भिंतीआड जाऊनही आलो होतो.

"काहून पीत न्हाईस?"

"घरी गेल्यावर पिते."

मला नवल वाटलं. मग बाकीच्या बाया पाणी पितात का, ते मी बघू लागलो. शेजारची बांगड्यावाली चाची खुशाल पीत होती. भाजीवाली म्हातारीही. पण तिच्याशेजारी बसलेली तिची नवी सून नुसते ओठ ओले करून तांब्या खाली ठेवायची. एकाच उन्हात बसलेल्या बायांची तहान वेगवेगळी कशी? शेवटी चाचीलाच विचारलं.

चाची हसली. "माजं घर हे मशिदीमागं, तिथं जाऊन येते. म्हातारी आता कुनाला लाजत न्हाई, नाल्याकडं जाऊन येते. सुनेला सासूची परवानगी लागते. तुमाला काय तकलीफ? अख्खी भिंत हाय."

"मग हिनं सांगायचं तरी."

"सांगितलं व्हतं," बायको मिरच्यांचा ढीग सारखा करत म्हणाली. "तुमी म्हनला, गिऱ्हाइकाच्या टायमाला सोंगं नकोत."

तसं मी म्हणालो असणार. मला ते आठवतही नव्हतं, हे जास्त लागलं.

"माझ्याकडं येत जा गं," चाची तिला म्हणाली. "तोवर दुकान सांभाळतील हे. हात हायेत ना त्यायला."

त्या दिवसापासून ती जाऊ लागली, बाटलीही रिकामी होऊ लागली. महिन्याभरानं पुन्हा दवाखान्यात गेलो.

"आता पिता का पाणी?" डॉक्टरांनी विचारलं.

या वेळी उत्तर तिनंच दिलं.

"पिते," ती म्हणाली.

मग मी बोललो. "साहेब, मागं मी आळस म्हणालो, ते खोटं होतं. बाजारात तिला जायला जागा नव्हती. तिनं सांगितलं, तेव्हा मीच तिला गप्प बसवलं." डॉक्टर लिहायचे थांबले. मी बायकोकडं वळलो. "माजं चुकलं. तुझ्या दुखण्याचा दोष मी तुझ्यावरच टाकला. मला माफ कर."